पुढचा शॉकअप खाली घेताना

वाशिम जिल्ह्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग, आणि त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे आसेगावात कुणी ॲव्हेंजरसारखी क्रूझर घेतली, तर ती धावणार काळ्या मातीवरच्या डांबरी रस्त्यांवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. तरीही क्रूझर दारात आली की पहिली हौस असते ती पुढून बसवायची. हौसेला माझी ना नाही; पण आत काय चालतं ते समजून मगच पान्याला हात घालावा.

गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात, तो टेलिस्कोपिक फोर्क. वरची चकचकीत नळी हँडलखालच्या ‘टी’मध्ये आवळलेली असते, खालचा नळा चाक धरतो. आत लांब स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की नळी नळ्यात शिरते, स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग उसळणारच. पण तिच्यासोबत तेलालाही बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून ती सावकाश परतते. असा तेलाचा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर१२ या गाडीवर आणला. तत्त्व अजून तेच. ॲव्हेंजर २२० चा फोर्क १४० मिमी दबतो, आणि हे १४० मिमी हेच आपलं सगळं भांडवल.

गाडी खाली घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘टी’चे बोल्ट सैल करून दोन्ही नळ्या वर सरकवणं. इंजिनाखालच्या फ्रेमला जॅक लावायचा, एका वेळी ५ मिमी सरकवायचं आणि दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजायच्या. एक नळी जास्त सरकली तर ॲक्सल वाकडा ताणला जातो. यात भांडवल शाबूत राहतं, पण चाक खालच्या ‘टी’च्या जवळ येतं. म्हणून स्प्रिंगा काढून फोर्क पूर्ण दाबून बघावा: मडगार्ड कुठे अडतंय का, ब्रेकचा होज ताणला जातोय का? हा अर्धा तास वाचवणारे पुढे मडगार्ड बदलतात.

दुसरा मार्ग आतला. खालच्या नळ्यातल्या दांड्यावर बुश घालून फोर्कची लांबीच कमी करतात. दिसायला नीटस, पण २५ मिमीच्या बुशने १४० चे ११५ मिमी उरतात. तेवढाच धक्का कमी अंतरात झेलायचा, तर कागदावरच्या हिशोबाने स्प्रिंग जवळपास दीडपट कडक हवी. ती न बदलता नुसता बुश घातला, तर प्रत्येक ब्रेकरवर फोर्क तळाला आपटतो. नियमाप्रमाणे ब्रेकर १० सेंटीमीटर उंच असतो. गावातल्या हातच्या ब्रेकरचं माप कोण घेतो?

दोन्ही मार्गांत हँडलचा स्वभाव बदलतो. दोन चाकांतलं अंतर सुमारे दीड मीटर. पुढून २५ मिमी खाली घेतलं की फोर्क साधारण एक अंशाने उभा होतो. गाडी पटकन वळते, पण वेगात क्रूझरचा तो निवांत सरळपणा कमी होतो. मागूनही थोडी खाली घेतली तर तोल राखता येतो.

माझं मत विचाराल तर पैसे आधी स्प्रिंग आणि तेलावर घालावेत. नळीवर रबर बँड सरकवून आपल्या वजनाने फोर्क किती बसतो ते मोजा. १४० पैकी ३५ ते ४२ मिमी ठीक. त्याहून जास्त बसत असेल तर स्प्रिंग मऊ पडलीय. तेल काढलं की ते राखाडी आणि कुबट निघतं, तेव्हाच कळतं किती वर्षं बदललेलं नाही. नवीन तेल दोन्ही नळ्यांत सारख्या उंचीला भरायचं, कारण वर उरलेली हवाही स्प्रिंगसारखीच दबते. वरचं झाकण मात्र जपून उघडा. आतली स्प्रिंग ते तोंडावर फेकते.

अख्खा यूएसडी, म्हणजे जाड नळा वर असलेला उलटा फोर्क बसवायचा बेत असेल तर आधी वाशिमच्या आरटीओत विचारावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही.

काम झाल्यावर हेडलाइटचा झोत खाली आलेला असतो, तो स्क्रूने वर घ्या. आणि साइड स्टँडवर गाडी आता आधीपेक्षा उभी राहते. पहिल्या दिवशी तरी ती उतारावर लावू नका.