नोझल खोलण्याआधी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बंदी उठली की मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक इथून बोटी पुन्हा बाहेर पडतात. दोन महिने थंड पडलेलं डिझेल इंजिन धक्क्यावर गुणी मुलासारखं चालू होतं, पण खाडीचं तोंड ओलांडून लाटा लागल्या की आचके देतं. आरपीएम वरखाली होतो. ‘मिस मारतंय,’ खलाशी सांगतो, आणि मेकॅनिक थेट नोझल खोलायला बसतो. माझं ठाम मत आहे की पाना आधी तिथं लागू नये. बिघाड बहुतेक वेळा टाकीत असतो आणि खर्च मात्र पंप-नोझलच्या कॅलिब्रेशनवर होतो.

लाटांमुळे नेमकं काय बदललं, तर टाकी हलू लागली. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या दमट हवेतली वाफ पत्र्यावर गार होऊन तिचं पाणी होतं. ते पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. पाणी आणि डिझेल मिळतात त्या थरावर हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी वाढते आणि काळपट, बुळबुळीत गाळ धरतो. बोट उभी असताना तो निवांत असतो. लाटेनं ढवळला की फिल्टरमध्ये जाऊन बसतो, इंजिनाला पुरेसं डिझेल मिळत नाही, आणि ही कमतरता वाढत्या आरपीएमला आधी जाणवते.

म्हणून पहिलं काम वॉटर सेपरेटरचा तळाचा नळ सोडून डिझेल पारदर्शक बाटलीत घेणं. थोडा वेळ ठेवलं की पाणी खाली दिसतंच. नुसता फिल्टर बदलून भागत नाही; टाकीचा तळ साफ केला नाही तर नवा फिल्टरही लवकरच तुंबतो. बंदीच्या काळात टाकी काठोकाठ भरून ठेवली असती तर हे बरंचसं टळलं असतं.

बाटलीत पाणी नाही? मग हवा शोधा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात ओढ असते. तिथला वॉशर चिरला तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळे बाहेरून कोरडा पाइप बघून निश्चिंत होऊ नये. स्वच्छ डिझेलचा कॅन वेगळ्या नळीनं फीड पंपाला जोडा. इंजिन सुधारलं तर दोष टाकी ते पंप याच टप्प्यात आहे. टाकीचं झाकण उघडताच इंजिनात जीव येत असेल तर हवेची नळी मिठानं किंवा रंगानं बुजली आहे.

यानंतर नोझल. जुन्या पद्धतीच्या पंपावर, इंजिन मंद चालू ठेवून एकेका हाय प्रेशर पाइपचा नट जरासा सैल करतात. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. फरकच पडला नाही तर मिस तिथं आहे. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. जुन्या इंजिनावरही हातमोजे, चष्मा हवाच. सुमारे २०० बारच्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तातडीनं शस्त्रक्रिया लागू शकते. अशा माणसाला मलम लावून बोटीवर बसवून ठेवू नका, सरळ रुग्णालयात न्या.

धूरही बघावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. पंख्यात जाळं अडकलं असलं तरी तो येतो. निळा असेल तर ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय.

आणि आवाज एकसारखा, धूर नाही, न्यूट्रलमध्ये सगळं शांत, पण गिअर टाकताच बोट थरथरते, अशा वेळी इंजिनाला हात लावू नये. पंखा, शाफ्ट, इंजिनाची फाउंडेशन रबरं आणि कपलिंग तपासावं. कपलिंगचे बोल्ट काढून दोन फ्लँजमधली फट चहूबाजूंनी फीलर गेजनं मोजतात. ४ इंची फ्लँजला साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे माप बोट पाण्यात असताना घ्यायचं. किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या असलेल्या लाकडी बोटीचा सांगाडा थोडा बाकतो, म्हणून जमिनीवर केलेली अलाइनमेंट बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस गेल्यावर पुन्हा तपासावी लागते.