चिपमधला डीएनए: अडचण अरुंदपणाची नाही

शनिवार पेठेतल्या रक्ततपासणी केंद्रात जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त दिलं की पुढचं यंत्र बघून घेतं, असं आपण धरून चालतो. केसासारख्या वाहिन्या कोरलेल्या ‘चिप’बद्दल तर हा भरवसा आणखीच पक्का.

गैरसमज: डीएनए चिपमध्ये सोडला की झालं.
क्षयासाठीची, गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅट चाचणी पाहिली तर हे खरं वाटतं. तंत्रज्ञ पिपेटने चिपवर ६ मायक्रोलिटर द्रव सोडतो, तासाभरात उत्तर हाती. पण तिला जंतूच्या डीएनएचा छोटासा तुकडा पुरतो. बाकीचा तुटला तरी बिघडत नाही. अखंड रेणू हवा असेल तर मात्र पंचाईत. माणसाच्या पहिल्या गुणसूत्रातला डीएनए सरळ केला तर सुमारे साडेआठ सेंटिमीटर भरतो आणि त्याची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर!

गैरसमज: वाहिनी अरुंद म्हणून रेणू तुटतो.
१०० मायक्रोमीटरची वाहिनी या धाग्याला अरुंद कशी होईल? तो तुटतो वेगातल्या फरकाने. रुंद नळीतून वाहिनीत शिरताना द्रव एकदम धावू लागतो. ढोलपथकाभोवतीचा दोर आठवा: पुढचे शनिवार पेठेतल्या गल्लीत शिरून पळू लागले आणि मागचे अजून चौकातच असले, की दोर मधे ताणतो. डीएनएही बहुधा मधोमधच तुटतो. म्हणून रुंद तोंडाची पिपेट, सावकाश हात. नळी जोरात हलवायची नाही, वारंवार गोठवायची-वितळवायचीही नाही.

खरी शहाणी युक्ती म्हणजे सुटा डीएनए आत न्यायचाच नाही. अख्ख्या पेशी सोडायच्या, सूक्ष्म खांबांच्या रांगेत अडवायच्या आणि तिथेच फोडायच्या. प्रथिनं वाहून जातात, लांब रेणू खांबांना अडकून राहतात. कल्पनेचं मूळ जुनं आहे: १९८४ मध्ये डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी यीस्टच्या पेशी अगारोजच्या जेलीत बसवून तिथेच फोडल्या होत्या.

गैरसमज: आत गेलं ते तसंच बाहेर येईल.
इथे भलेभले हात टेकतात. चिपमधला द्रव नॅनोलिटरांत, पिपेट मायक्रोलिटरांत, हजारपटीचा फरक. मोजके रेणू बाहेरच्या द्रवात विरून जातात, काही भिंतींना चिकटतात. पंपाऐवजी विद्युतक्षेत्र लावलं तर ऋण भाराचा डीएनए आपणहून धन टोकाकडे सरकतो, पण घाईने क्षेत्र वाढवलं की खांबाला अडकलेला रेणू तिथेच तुटतो. म्हणून पुष्कळदा तो बाहेर काढतच नाहीत. नॅनोवाहिनीत सरळ करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली आतच वाचतात. बाहेर हवाच असेल, तर आधी आतच विकरांनी त्याचे तुकडे करून घेतात.