छावणीचा कचरा : काम कंत्राटाचे, जबाबदारी कुणाची?

अमरावतीच्या मुलांना 'कॅम्प' हा शब्द नवा नाही. शहराच्या एका भागाचे ते रोजच्या वापरातले नाव आहे. अचलपूरला लागून असलेले परतवाडा तर ब्रिटिश काळात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होते. आज विदर्भात छावणी म्हणून ओळखले जाणारे गाव म्हणजे नागपूरजवळचे कामठी. अमरावती जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरील पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. सहलीच्या बसमधून अशा ठिकाणांजवळून जाताना मुले हमखास विचारतात, "सर, इथले रस्ते एवढे स्वच्छ कसे?"

'लष्कराची शिस्त' हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. या स्वच्छतेमागे एक कटू अनुभव आहे. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. दर हजार ब्रिटिश सैनिकांमागे वर्षाला सुमारे ६९ मरतात, असे त्यात आढळले. यातले बहुतेक मृत्यू लढाईत होत नव्हते. हगवण, पटकी, ताप अशा आजारांनी होत होते. आयोगासाठी आलेल्या माहितीचा अभ्यास करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि दाट वस्ती यांकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी, १८६४ साली, छावण्यांसाठी कायदा झाला. छावणीतील सफाई ही तेव्हापासून सैन्याच्या बळाचाच एक भाग मानली जाऊ लागली.

आज हे काम बऱ्याच अंशी खासगी कंत्राटदारांकडून करून घेतले जाते. छावणी मंडळ किंवा तळाचे मुख्यालय निविदा काढते आणि ठरावीक मुदतीसाठी काम सोपवते. आपल्या महानगरपालिका व नगरपरिषदाही हेच करतात. खासगीकरण चांगले की वाईट, हा वाद इथे बाजूला ठेवू. विज्ञानाच्या शिक्षकाने विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे : कंत्राटदाराला पैसे मिळतात ते नेमके काय मोजून?

समजा, एका तळावर ५००० माणसे राहतात. माणशी दररोज ३०० ग्रॅम कचरा धरला, तर रोजचा कचरा १५०० किलो, म्हणजे दीड टन होतो. आपल्याकडच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग भाजीपाला, उष्टे अन्न, पालापाचोळा असा कुजणारा असतो. म्हणून त्यात पाणीही भरपूर असते.

आता एक छोटे गणित फळ्यावर मांडू. एका गाडीत १००० किलो कचरा आहे आणि त्यात ५० टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा माल ५०० किलो. पावसात गाडी उघडी राहिली आणि पाण्याचे प्रमाण ६० टक्के झाले. कोरडा माल तेवढाच, ५०० किलो. पण आता तो एकूण वजनाच्या ४० टक्केच आहे. म्हणून एकूण वजन ५०० भागिले ०.४, म्हणजे १२५० किलो. ओलावा ५० वरून ६० टक्क्यांवर गेला आणि वजन मात्र २५ टक्क्यांनी वाढले! कंत्राट 'टनामागे इतके रुपये' असे असेल, तर वाढलेल्या २५० किलो पावसाच्या पाण्याचेही पैसे द्यावे लागतील. गाडीवर ताडपत्री टाकण्याची घाई मग कोण करील?

याहून महत्त्वाची अडचण पुढेच आहे. तळावरच खड्डे करून कुजणाऱ्या कचऱ्याचे खत केले, तर गाडीत जाणारा माल निम्म्यावर येतो. तळाच्या दृष्टीने हे यश, पण कंत्राटदाराचे उत्पन्न निम्म्याने घटते. वजनावर पैसे देणारे कंत्राट वर्गीकरणाला असे आपोआप विरोध करते. खेपांवर पैसे दिले, तर अर्ध्या भरलेल्या गाड्या धावू लागतात. दरमहा ठोक रक्कम दिली, तर न उचललेला कचराही उचललेल्याइतकाच लाभाचा ठरतो. यात कुणाला अप्रामाणिक म्हणण्याची गरज नाही. जे मोजले जाते ते होते आणि जे मोजले जात नाही ते मागे पडते, एवढाच याचा अर्थ.

मिसळलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते तेही पाहू. ढिगाच्या आत हवा पोचत नाही. तिथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू अन्नपदार्थ कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेणारा आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. ढिगाला आग लागली की प्लास्टिकही जळते. क्लोरीन असलेले प्लास्टिक कमी तापमानाला जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. चांगल्या भट्टीत ८५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान राखतात, ते यासाठीच. उघड्या आगीला अशी शिस्त नसते.

या धुराची मोठी किंमत मोजावी लागली ती अमेरिकेच्या सैन्याला. इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत. काही खड्डे सैन्य चालवत असे, काही खासगी कंत्राटदार. ऑगस्ट २०१० मध्ये अफगाणिस्तानात असे २५१ आणि इराकमध्ये २२ खड्डे होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने इराकमधील चार तळ पाहिले, तेव्हा चारही ठिकाणी मनाई असलेले प्लास्टिक जळत होते. आजारी पडलेल्या सैनिकांनी कंत्राटदार कंपनीवर दावे लावले. पण खड्डे वापरण्याचा निर्णय सैन्याचा होता, असे सांगून २०१८ साली अपील न्यायालयाने ते नाकारले. अखेर २०२२ साली अमेरिकी सरकारला कायदा करून या सैनिकांच्या उपचारांची व भरपाईची जबाबदारी घ्यावी लागली. काम कंत्राटाने देता आले, जबाबदारी मात्र देता आली नाही.

आपल्याकडे २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत संरक्षण आस्थापनांचा स्पष्ट उल्लेख केला गेला. कचरा निर्माण होतो तिथेच त्याचे कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्यास त्या नियमांनी सांगितले. लष्करी तळावर आणखी एक भाग कटाक्षाने वेगळा राहावा लागतो : दारूगोळ्याचे अवशेष. ते कचऱ्याच्या गाडीचे काम नव्हेच. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत कंत्राटावरचे मजूर होते. 'कचरा' आणि 'विल्हेवाट' हे शब्द कागदावर साधे दिसतात. हाताळणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ फार वेगळा असू शकतो.

मग कंत्राटात काय मोजावे? तळाबाहेर गेलेल्या कचऱ्याचे वजन मोजावेच, पण ते कमी झाल्यास कंत्राटदाराला लाभ व्हावा. वेगळा केलेला कचरा किती, तयार झालेले खत किती, कामगारांना हातमोजे, बूट आणि वैद्यकीय तपासणी मिळाली का, हे तपासावे. खताचेही शास्त्र आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, तर पऱ्हाटी, तुराट्या आणि वाळक्या पानांत कर्ब जास्त. नत्राच्या साधारण तीसपट कर्ब, मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब गळेल इतका ओलावा आणि खेळती हवा असली, की ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात. म्हणून खताचा दर्जा तपासायला साधा तापमापकही उपयोगी पडतो.

अमरावतीचा कचरा सुकळीला आणि अकोल्याचा नायगावला वर्षानुवर्षे साचत आला. ते ढीग आणि छावणीचा ढीग यांचे शास्त्र एकच आहे. शाळेत हा प्रयोग करून पाहा. सात दिवस शाळेचा कचरा ओला व सुका असा वेगळा करून ताणकाट्याने तोला. ओल्यातला एक किलो पसरून उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा वजन करा. जे कमी भरले ते पाणी. मग मुलांनाच काढू द्या : आपल्या शाळेचा कचरा वजनावर उचलायला दिला, तर वर्षाला पाण्यासाठी किती पैसे जातील? आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या कंत्राटात काय मोजले जाते, हे विचारायलाही त्यांना पाठवा. उत्तर देणाऱ्यालाही या प्रश्नातून बरेच शिकता येईल.