गच्चीवरची वेधशाळा

२७ जुलै २००५च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला ७३. शहर एकच, अंतर पंचवीसेक किलोमीटर. पाऊस असा लहरी असेल, तर त्याला गाठायला मापकही जवळजवळ हवेत. पण हवामान खात्याच्या तोडीचं स्वयंचलित केंद्र उभारायचं तर खर्च लाखांत जातो. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा नखाएवढा बीएमई२८० सेन्सर आणि त्याचे आकडे वायफायवरून पाठवणारा ईएसपी३२ बोर्ड मात्र दीडेक हजारात घरी येतो. अमेरिकी संशोधकांनी तर थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून आफ्रिकेत झांबिया, केनियासारख्या देशांत केंद्रं उभी केली. भाग मोडला की तिथंच नवा छापायचा!

हे वाचूनच मी आमच्या गच्चीवर खटाटोप मांडला.

सगळ्यात गंमत पर्जन्यमापकाची. फनेलखाली दोन कप्प्यांचं छोटं भांडं सी-सॉसारखं डोलत असतं. एक कप्पा भरला की कलंडतो आणि दुसरा धारेखाली येतो. कलंडताना भांड्यावरचं लोहचुंबक, चुंबक जवळ येताच ज्याच्या पट्ट्या जुळतात त्या रीड स्विचसमोरून जातं आणि ‘टक्’ अशी एक नोंद होते. माझ्या फनेलचा व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.२ मिलिमीटर पाऊस पडला की चार मिलिलिटर पाणी जमतं, चहाच्या चमच्याहून थोडं कमी. तेवढ्याला एक ‘टक्’.

पहिल्याच सरीत गावभर भुरभुर आणि माझ्याकडे ढगफुटी! स्विचच्या पट्ट्या जुळताना थरथरतात, त्यामुळे एक ‘टक्’ तीनदा मोजला जात होता. एका नोंदीनंतर क्षणभर कान बंद ठेवायला प्रोग्रॅमला सांगितलं, तेव्हा भागलं. पुढे आठवडाभर शून्य. फनेलच्या नळीत कोळ्यानं संसार थाटला होता. आणि मुसळधार पावसात हे भांडं मुळातच कमी मोजतं, कारण ते कलंडत असतानाही वरची धार भरलेल्या कप्प्यातच पडत राहते. जेव्हा आकडा नेमका हवा, तेव्हाच तो लंगडा.

तापमानाचं दुखणं वेगळं. उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःचंच तापमान सांगतो. शिवाय बोर्डाला चिकटून बसवला तर त्याची ऊबही पितो. उन्हावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यांनी झडपांची पांढरी लाकडी पेटी काढली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. मी कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या उपड्या करून, मध्ये फटी ठेवून एकावर एक रचल्या. दुपारचा आकडा झटक्यात खाली आला, तरी तापलेल्या स्लॅबची झळ काही सुटली नाही. हवेचं तापमान मोकळ्या जमिनीवर, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजायचं असतं. गच्ची ही त्याची जागाच नव्हे.

माझं मत विचाराल तर सेन्सर आता पुरेसे बरे झाले आहेत. महाग आहे ती योग्य जागा आणि दर आठवड्याची झाडलोट. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं आहेत आणि फळपिकांचा हवामानावर आधारित विमा अशाच आकड्यांवर ठरतो. तिथं झाडाची सावली पडली किंवा फनेल तुंबलं, तर फटका अनेक गावांतल्या बागायतदारांना बसतो.

तुम्हालाही हा नाद लागला, तर सेन्सर मागवण्याआधी उभ्या बाजूंचा एक डबा झाडा-भिंतींपासून दूर मोकळ्यावर ठेवा आणि साचलेलं पाणी रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो.