टीव्हीला लॅन पोर्ट आहे, पण वायफाय नाही? नवा टीव्ही घेण्याआधी हे वाचा

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टीही यात टाकल्या आहेत.

बऱ्याच जणांचा प्रश्न सारखाच असतो. टीव्ही हॉलमध्ये, राउटर बेडरूममध्ये आणि टीव्हीच्या मागे फक्त तो चौकोनी लॅन पोर्ट. वायफाय आतमध्ये नाहीच, किंवा आहे पण इतकं कमजोर की पिक्चर सुरू झाला की गोल गोल फिरत बसतं. टीव्हीचं सोडा, 2005 मध्ये आलेल्या पहिल्या एक्सबॉक्स 360 लाही आत वायफाय नव्हतं, अडॅप्टर वेगळा घ्यावा लागायचा. डीटीएचचे काही सेटटॉप बॉक्स, जुने ब्ल्यू-रे प्लेअर, होम थिएटर यांचंही तेच.

राउटरपासून हॉलपर्यंत केबल ओढणं हा उत्तम उपाय, यात वाद नाही. पण मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. डिपॉझिट कोणाला प्रिय नसतं? म्हणून केबल फक्त शेवटच्या एक-दोन फुटांपुरती ठेवायची आणि मधलं अंतर हवेतून कापायचं.

आधी एक गैरसमज

दुकानात मिळणारा छोटा यूएसबी वायफाय डोंगल टीव्हीला लावला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. डोंगल चालायला ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपवर तो टाकता येतो, टीव्हीवर नाही. टीव्हीचा यूएसबी पोर्ट बहुतेक वेळा पेन ड्राइव्हसाठी असतो, आणि डोंगल चाललाच तर कंपनीनं सांगितलेला ठराविक मॉडेलच चालतो. लॅन पोर्टला ही कटकट नाही. समोर काय जोडलंय हे टीव्हीला कळायची गरजच नसते, त्याला वाटतं केबलनं इंटरनेट आलं.

मग लागतं काय?

वायरलेस ब्रिज. म्हणजे एका बाजूनं घरच्या वायफायला जोडणारी आणि दुसऱ्या बाजूनं लॅन पोर्टमधून इंटरनेट देणारी डबी. ती तीन रूपांत मिळते:

1. लॅन पोर्ट असलेला वायफाय रिपीटर. साधारण हजार-दोन हजारांत येतो.
2. 'क्लायंट मोड' असलेला छोटा ट्रॅव्हल राउटर.
3. घरात पडून असलेला जुना राउटर, त्यात क्लायंट किंवा ब्रिज मोड असेल तर. हा फुकट पडतो, म्हणून आधी माळा तपासा.

ब्रिज नक्की करतो काय? सोसायटीच्या वॉचमनकडे रजिस्टरमध्ये तुमच्या फ्लॅटमधल्या एकाच भाडेकरूचं नाव आहे असं समजा. रूममेटचं पार्सल आलं की तो म्हणतो, असं कोणी इथे राहत नाही. राउटर हा तो वॉचमन. वायफायवर त्याला फक्त ब्रिज माहीत असतो, मागचा टीव्ही नाही. म्हणून ब्रिज सगळी पार्सलं स्वतःच्या नावावर घेतो आणि आत ज्याची त्याला देतो. साध्या राउटरमध्ये हे काम आपोआप होत नाही, तो मोड निवडावा लागतो.

जोडायचं कसं?

डबी राउटरजवळच प्लगला लावा. फोन तिच्या वायफायला जोडा, मॅन्युअलमध्ये दिलेलं पान उघडा, मोड निवडा, घरच्या वायफायचं नाव निवडून पासवर्ड टाका. मग डबी टीव्हीजवळ नेऊन लॅन केबल जोडा आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'वायर्ड' निवडा. झालं.

जुना राउटर वापरत असाल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा. दोघंही 192.168.1.1 असतील तर भांडण ठरलेलं. त्याचं डीएचसीपीही बंद करा.

डबी टीव्हीच्या अगदी मागे असायलाच हवी असं नाही. लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे दोन-तीन मीटरची केबल घ्या आणि फोनवर सिग्नल चांगला दिसतो तिथे डबी ठेवा. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा मध्ये येऊ देऊ नका.

अडलं तर

- टीव्हीचा आयपी 169.254 नं सुरू होतोय? टीव्हीला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबल आणि मोड तपासा.
- इंटरनेट चालतंय, पण फोनवरून कास्ट होत नाही? फोन 192.168.1 मध्ये आणि टीव्ही 192.168.0 मध्ये असेल, तर डबी ब्रिज नाही, वेगळा राउटर म्हणून चालू आहे. ती मधे भिंत घालते आणि फोनला टीव्ही सापडत नाही.
- डबी वायफायला जोडतच नाही? मुख्य राउटर फक्त डब्ल्यूपीए3 वर असेल तर जुनी डबी बाहेरच राहते. डब्ल्यूपीए2 आणि 3 मिश्र ठेवा.
- वेग कमी? शक्य असेल तर डबी 5 गीगाहर्ट्झवर जोडा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर मात्र 2.4 जास्त लांब पोचतो. रिपीटरचं स्वतःचं वायफाय लागत नसेल तर बंद करा, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि ओरडायचं म्हटलं की वेग साधारण निम्मा होतो.

टीव्हीचा लॅन पोर्ट बहुतेक वेळा 100 एमबीपीएसचाच असतो. घाबरू नका, 4के साठी नेटफ्लिक्स 15 एमबीपीएस पुरेसे मानतं.

कधी हे करू नये

इंटरनेट आलं म्हणजे ॲप चालेलच असं नाही. डिसेंबर 2019 मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर बंद झालं, तिथे कितीही चांगला ब्रिज लावून उपयोग नव्हता. म्हणून खरेदीआधी एक चाचणी करा: टीव्ही उचलून राउटरजवळ न्या (किंवा राउटर टीव्हीजवळ), केबलनं जोडा आणि हवं ते ॲप उघडून बघा. चाललं, तर ब्रिज घ्या. नाही चाललं आणि टीव्हीला एचडीएमआय असेल, तर स्ट्रीमिंग स्टिक घ्या. दोन्हींत टीव्ही तोच राहतो आणि गावी आई-बाबांचा चांगला चालणारा टीव्ही भंगारात जात नाही.

तुमच्या घरी कुठे अडलं ते, टीव्हीवर दिसणाऱ्या आयपीसकट, कळवा. पुढच्या एपिसोडला भेटू!