जुळणी-आरेखनाचा कर्ता कोण?

महालातील चिटणीस पार्क या नावात 'चिटणीस' हा मूळचा पदवाचक शब्द टिकून आहे. चिटणीस म्हणजे राजाची पत्रे लिहिणारा अधिकारी. मराठेशाहीत पत्राचा मजकूर तो सिद्ध करी. परंतु त्याच्या लेखणीने पत्रास अधिकार प्राप्त होत नसे. तो येई शिक्क्याने. आणि मजकुराच्या शेवटी मोर्तब उमटविले जाई, ते अशासाठी की त्यापुढे कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये. लिहिणारा, संमती देणारा आणि आज्ञा अमलात आणणारा हे तिघे निराळे आहेत, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. 'शिक्कामोर्तब' हा आता केवळ वाक्प्रचार उरला असला, तरी त्यामागील प्रश्न आजच्या कारखान्यात जसाच्या तसा उभा आहे.

यंत्राचे सुटे भाग एकत्र कसे बसतात हे दाखविणाऱ्या कागदास कारखान्यात 'असेंब्ली ड्रॉइंग' म्हणतात. येथे त्यास जुळणी-आरेखन म्हणू. त्यात भागांची आकृती, प्रत्येक भागाचा क्रमांक, भागांची नगवार यादी आणि काही लेखी सूचना असतात. हा कागद कोणी तयार करावा व कोणी बदलावा, याविषयी अभियांत्रिकी विभाग आणि उत्पादन विभाग यांच्यात मतभेद होतात. पहिल्याचे म्हणणे असे की, यंत्राची कल्पना आमची, तेव्हा आरेखनही आमचे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जुळणी आमच्या हातून होते; कोणता भाग आधी बसवावा लागतो हे आम्हांसच ठाऊक. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. कागद दोघांचा ठरविला, तर चूक झाल्यावर तो कोणाचाच राहत नाही.

अभियांत्रिकी हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु आरेखनावरील सूचना ही भाषाच आहे, आणि तेथे व्याकरणाचा उपयोग होतो. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ मानले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. 'भोकाचा व्यास बारा मिलिमीटर असावा' हे विध्यर्थी वाक्य झाले. 'भोक ड्रिलने पाडा, मग रीमरने साफ करा' हे आज्ञार्थी झाले. पहिले वाक्य वस्तूविषयी आहे. ती पूर्ण झाल्यावर कशी असली पाहिजे, एवढेच ते सांगते. दुसरे कारागिराविषयी आहे; त्याने काय करावे व कोणत्या क्रमाने, हे ते सांगते. पहिल्याची सत्यता मोजमापाने तपासता येते; दुसऱ्याचे पालन झाले की नाही, हे काम चालू असतानाच पाहावे लागते. एकाच कागदावर ही दोन्ही वाक्ये शेजारी आली की ती एकाच कर्त्याची आहेत असा भास होतो, आणि तंट्याचे मूळ या भासात आहे.

हा भेद केवळ वैयाकरणाची कल्पना नाही. आरेखनावरील मापे व सूट यांविषयी अमेरिकेत जे वाय १४.५ मानक प्रचलित आहे, त्याचा एक मूलभूत नियम असा की, आरेखनाने भागाची व्याख्या करावी, तो बनविण्याची रीत सांगू नये. भोकाचा केवळ व्यास द्यावा. ते ड्रिलने, रीमरने की पंचने करावयाचे, हे करणाऱ्यावर सोपवावे. याच तत्त्वानुसार भागांच्या याद्याही दोन होतात. अभियंत्याची यादी भागांच्या कार्यानुसार लागते; उत्पादनाची यादी जुळणीच्या टप्प्यांनुसार लागते. भाग तेच, पण मांडणी निराळी.

तथापि वरील नियमास एक अपवाद त्या मानकानेच मान्य केला आहे. बनविण्याची रीतच जेथे वस्तूच्या गुणाचा भाग होते, तेथे ती आरेखनात सांगावीच लागते. दंडावर घट्ट बसणारे बेअरिंग तापवून चढवितात. ते तेलात तापवावे की विद्युत्‌साधनाने, हा उत्पादन विभागाचा प्रश्न. परंतु सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापविल्यास त्याचे पोलाद बिघडण्याचा संभव असल्याने ती मर्यादा अभियंत्यानेच घातली पाहिजे. 'तापवून बसविल्यास इतक्या अंशांपुढे जाऊ नये' हे वाक्य अटीचे, म्हणजे संकेतार्थाच्या जवळचे आहे. दोन विभागांची सीमा नेमकी अशा वाक्यांतून जाते. म्हणून ती दोघांनी एकत्र बसूनच लिहावीत.

आपल्याकडील संरक्षण-उत्पादनात या विभागणीला संस्थारूप मिळाले आहे. 'पिनाक' अग्निबाण-प्रणालीचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या प्रयोगशाळेचा; तिचे अग्निबाण बनविण्यात अंबाझरीची आयुध निर्माणी आणि नागपुरातीलच एक खाजगी उद्योग यांचा वाटा आहे. यांखेरीज तिसरा पक्ष असतो तो आरेखने व विनिर्देश यांची मुद्रांकित प्रत सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा. बदलांची नोंद करणे, प्रत अद्ययावत ठेवणे व ती उत्पादकास पुरविणे हे त्याचे काम. 'पिनाक'च्या बाबतीत हा अधिकार २०२२ साली संशोधन-संस्थेकडून गुणवत्ता-यंत्रणांकडे सोपविण्यात आला. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन अंबाझरीची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. उत्पादकाची मालकी अशी बदलू शकते; आरेखनाची अधिकृत प्रत कोणती, याविषयी मात्र क्षणभरही संदिग्धता चालत नाही, कारण चुकीच्या प्रतीवरून बनलेल्या अग्निबाणाजवळ माणसे उभी असतात.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जुळणी-आरेखन कोणत्या विभागाचे, असा प्रश्न विचारू नये. त्यावरील प्रत्येक वाक्य कोणत्या अर्थाचे, असा विचारावा. विध्यर्थ अभियांत्रिकीकडे, आज्ञार्थ उत्पादनाकडे, संकेतार्थ दोघांकडे. आज्ञार्थी मजकुरास शक्यतो स्वतंत्र कागद द्यावा, म्हणजे कामाचा क्रम बदलताना मूळ आरेखनास हात लागणार नाही. 'असावा' बदलावयाचा असेल तर उत्पादन विभागाने तशी लेखी मागणी करावी, आणि तिचे उत्तरही लेखी मिळावे. ज्या सूचनेचे क्रियापद कोणत्या अर्थाचे हेच ठरविता येत नाही, ती सूचना मोर्तबापूर्वी पुन्हा लिहावी.