टाकींतील अदृश्य वायु

दिवाणखान्यांत कांचेची टाकी ठेवून तींत हिरव्या पाणवनस्पति व मासे एकत्र नांदविण्याची हौस आतां पुष्कळ घरीं दिसते. वनस्पति जोमानें वाढाव्या म्हणून लहान नळकांड्यांतून पाण्यांत कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडतात. उघड्या हवेशीं समतोल पावलेल्या पाण्यांत हा वायु लिटरमागें एक मिलिग्रॅमहि राहत नाहीं. हौशी मंडळी तो ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. परंतु या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. ३० कोठें संपले आणि ६० कोठें आले, हें आपणांस कळत नाहीं, माशांस कळतें.

मासा आपल्या रक्तांतील कर्बवायु कल्ल्यांच्या वाटे पाण्यांत टाकतो. बाहेरच तो दाटला असेल, तर आंतला निघेनासा होतो. रक्त आम्ल बनतें, आणि अशा रक्तास प्राणवायु नीट धरतां येत नाहीं. आमच्या शेजारच्या गृहस्थांनीं वायूची तोटी एकदां रात्रभर उघडी ठेविली. दिवा मालवला कीं वनस्पति हा वायु घेत नाहींत, उलट आपल्यासारख्याच सोडतात. सकाळीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडमीट करीत होते. दोन दगावले होते. "आजोबा, पाणी तर स्वच्छ आहे!" असें त्यांची नात म्हणाली. पाणी खरोखरच स्वच्छ होतें.

मग मोजावें कसें? घरीं तें आडवाटेनेंच मोजावें लागतें. वायु विरघळला कीं थोडें कार्बानिक आम्ल होतें व पाण्याचा पी. एच. उतरतो. पी. एच. ही मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं घालून दिली. तींत एक अंक उतरणें म्हणजे आम्लता दसपट होणें. पाण्यांत बायकार्बोनेट अधिक असलें, तर तितक्याच वायूस पी. एच. चढा राहतो, म्हणून दोन्ही आंकडे हवेत. कार्बोनेट कठिनतेचे जर्मन अंश घेऊन त्यांस तिनानें गुणावें; मग पी. एच. सातापेक्षां जितका खालीं, तितका दहाचा घात घेऊन पुन्हां गुणावें. कठिनता ४ व पी. एच. ६.६ असल्यास १२ गुणिलें अडीच, म्हणजे ३० मिलिग्रॅम.

हिशेब सुटसुटीत खरा, पण टाकींतील शोभेच्या लांकडांतून टॅनिन उतरतें, खतांतून फॉस्फेट येतें. हीं द्रव्येंहि पी. एच. हलवितात, आणि तें सारें आपण वायूच्या खातीं मांडून बसतों!

यावर निघालेली युक्ति मला फार आवडते. कांचेच्या लहानशा पात्रांत ठराविक कठिनतेचें निराळें पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याचे थेंब घालतात, आणि पात्राचें उघडें तोंड खालीं ठेवून तें टाकींत बुडवितात. दोन पाण्यांमध्यें हवेचा कप्पा राहतो. टॅनिनास व फॉस्फेटास तो ओलांडतां येत नाहीं, वायूस येतो. दुकानदार यास ड्रॉप चेकर म्हणतात. निळा रंग म्हणजे वायु कमी, हिरवा म्हणजे ३० च्या आसपास, पिवळा म्हणजे धोका.

आंतलें पाणी नळाचें किंवा टाकींतलें घेतल्यास सारी युक्ति फुकट जाते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा. त्यांतलें १०० मिलिलिटर घेऊन तसल्याच ऊर्ध्वपातित पाण्यानें पुन्हां एक लिटर करावें. हें ४ अंशांचें पाणी झालें. बेकिंग पावडर मात्र चालणार नाहीं. तींत आम्लहि मिसळलेलें असतें.

वायूस कप्पा ओलांडून रंग पालटण्यास तास-दोन तास लागतात. म्हणजे दिसणारा हिरवा रंग आतांचा नसून मघांचा असतो. ज्या दिवशीं तोटी अधिक उघडली, त्या दिवशीं रंगापेक्षां माशांकडेच पाहावें. ते वर येऊं लागले, तर वायु तत्काळ बंद करून हवेचा पंप लावावा. पृष्ठभाग खळबळला कीं वायु निघून जातो. दिवे मालवण्यापूर्वीं तोटी रोज बंद करावी, आणि पात्रांतलें पाणी तीन-चार आठवड्यांनीं बदलावें.